टाकीतलं गोड पाणी

माझी बायको राही गेली आणि आमच्या घरात डाळ शिजेनाशी झाली.

मला आधी वाटलं, सुनेचा हात अजून बसायचा आहे. रंगू आमच्याकडे येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुरीची डाळ चुलीवर रटरट शिजत राहायची आणि तरी दाणा न् दाणा वेगळा. मग रंगू त्यात खायचा सोडा टाकायची. डाळ मऊ व्हायची, पण आमटीला साबणासारखी चव यायची. मी ताट कधी सरकवलं नाही. पण "तुझ्या सासूच्या हातची आमटी निराळी हुती," असं एकदोनदा तोंडातून गेलं. रंगू खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

मग एक दिवस केरू भेटला. केरू माझा लहानपणचा सोबती. त्याचा मळा ओढ्याच्या कडेला, गावापासून मैलभर लांब. तो म्हणाला, "नाथाजी, वैनी गेल्या आन माझी हीर सुनी झाली बघ."

"का रं?"

"का म्हंजे? रोज सकाळी एक घागर न्यायच्या की. तुला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. सकाळी मी एस.टी.च्या थांब्यावर चहा प्यायला जायचो. परत येईपर्यंत घागर चुलीजवळ झाकून ठेवलेली असायची. ती नळाचीच आहे असं मी धरून चाललो होतो.

"नळाच्या पान्यात डाळ शिजत न्हाई म्हणायच्या," केरू म्हणाला. "आन तुला सांगू नगं म्हणायच्या. तुला राग यील म्हणून."

राग आला असता हे खरं. नळ मीच आणला होता. म्हणजे ग्रामपंचायतीनं आणला, पण पळापळ माझी होती. पलटणीतून पेन्शनीवर आलो तेव्हा गावात दुष्काळ होता. आमचं गाव कडेगावाच्या अंगाला, माळावर. बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघायच्या. मी पंच झालो, तालुक्याला खेटे घातले, बोअरचं मशीन गावात आणलं. लय खोल गेल्यावर पाणी लागलं. गावात नळ आले, आणि घरात नळ घेणारा पहिला मी. धाब्यावर पत्र्याची टाकी बसवली, तिथून न्हाणीत आणि स्वयंपाकघरात पाइप आणला. माणसं बघायला यायची. मी तोटी फिरवून दाखवायचो.

पाणी खारट नव्हतं, पण जड होतं. चुन्याचं पाणी. पहिल्यांदा ते कळलं ते तांब्यावर. घासून ठेवलेला तांब्या वाळला की त्यावर पांढरे डाग. मी म्हणालो, नवीन पाइप आहे, जाईल.

थोरल्या मुलाचं, अर्जुनाचं लग्न ठरलं तेही ह्याच नळावर. रंगूचे वडील लालासाहेब हे सांगलीच्या अलीकडे, कृष्णाकाठचे. उसाचा मळा, घरचं नीट. बोलणी करायला आले तेव्हा मी तोटी फिरवली आणि म्हणालो, "पाव्हणं, तुमच्या पोरीच्या डोईवर घागर यायची न्हाई. हा माझा शब्द." लालासाहेबांनी तेवढ्यावर होकार दिला. त्यांची बायको नदीचा चढ चढून पाणी आणताना पडली होती, कंबरेतून कायमची वाकली होती. म्हणून त्यांनी आंदणही तसंच दिलं. तांब्याचा मोठा बंब, बादलीत टाकायचा विजेचा हीटर, शिट्टीचा कुकर. नळ आहे, वीज आहे, तर पोरीला सुख व्हावं.

हीटर आधी गेला. त्याच्या वेटोळ्यावर पांढरा थर बसत गेला. पहिल्यांदा साखरेसारखा, मग भिंतीच्या गिलाव्यासारखा. पाणी तापायला वेळ लागायला लागला. एक दिवस आतून चर्र असा आवाज आला आणि वेटोळं उलून पडलं. मग बंब. त्याला पूर्वी चार लाकडं पुरायची, आता निम्मी मोळी लागायची, कारण आत तांब्यावर दगडच झाला होता. मी छिन्नी घेऊन तो दगड फोडायला बसलो आणि बंबाला भोक पाडलं. कुकरच्या तळाला चुना, शिट्टी अडकलेली. साबणाला फेस नाही, नुसता दही फुटल्यासारखा चोथा. रंगूचे केस लग्नात कमरेखाली होते, काळेभोर. ते राठ झाले, दोरखंडासारखे. डोकं धुऊन आली की केसांत पांढुरकं काहीतरी राहायचं. ती फणीनं ओढून काढत बसायची.

केरूनं सांगितल्यावर तरी मी एक घागर आणायला पाहिजे होती. आणली नाही. सुनेला पाठवावं तर लालासाहेबांना दिलेला शब्द मोडतो. मी जावं, तर नळ आणणारा माणूस विहिरीवर घागर घेऊन आला म्हणून गाव हसणार. अर्जुना तिकडे पलटणीत, सरहद्दीवर. धाकटा सोपान कारखान्यात वजनकाट्यावर, पहाटे जाणारा. त्यालाही काही म्हणालो नाही. आम्ही तिघं सोडा घातलेली आमटी खात राहिलो.

आणि मग लालासाहेबांचा निरोप आला. कडेगावच्या बाजारात त्यांच्या गावचा माणूस भेटला. म्हणाला, "लालासाब सोमवारी येत्यात. धाकलीचं बोलायला. शालनला तुमच्या सोपानाला द्यायची म्हणत्यात. दोघी भनी एका घरात, बरं पडतंय."

मी घरी येऊन रंगूला सांगितलं. ती धान्य निवडत होती. तिचा हात थांबला.

"खरंच, आबा?"

"सुपारीच फोडायला येत्यात."

ती हसली. राही गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बाप येणार म्हणून हसली.

मी मात्र न्हाणीत जाऊन बंबाकडे बघत बसलो.

त्या संध्याकाळी केरूकडे गेलो. सगळं सांगितलं. केरू ऐकता ऐकता हसायला लागला.

"म्हंजे टाकी रिकामी करायची, माझ्या हिरीचं पानी गाडीनं आनायचं, आन पाव्हण्याला नळाचं म्हणून पाजायचं?"

"येक दिवसाचा परश्न हाय."

"नाथाजी, गड्या, तू पलटणीत शत्रूला असंच फसवत हुतास का रं?"

"गाडी देतोस का न्हाई ते सांग."

"गाडी देतो की. बैलबी देतो. पर त्यांनी परत जाताना म्हटलं, येक बाटली भरून द्या, तर?"

"देऊ."

"आन पोरगी नांदायला आली म्हंजे?"

मी म्हणालो, "तवाचं तवा."

रविवारी आम्ही टाकी रिकामी केली. तळाला पांढरा गाळ होता, तो खराट्यानं काढला. पंचायतीच्या पाण्याची चावी बंद केली. गाडीवर पिपं घालून केरूच्या विहिरीचं पाणी आणलं आणि शिडीवरून बादलीनं टाकीत चढवलं. रस्त्यात जो तो विचारायचा, "काय रं नाथाजी, नळ आटला व्हय?" केरू माझ्या आधी बोलायचा, "न्हाई, नळाला न्हाऊ घालतोय." माणसं हसायची. मी पटका खाली ओढून चालत राहिलो.

बंब तांबटाकडून भोकाला डाक लावून आणला होता. बाहेरून चिंचेनं घासला, लखलख झाला. आत हात पोहोचत नव्हता, तिथं तसंच राहिलं. हीटर कडब्याच्या गंजीत खुपसला.

रंगू हे सगळं बघत होती. टाकी भरल्यावर दारात येऊन उभी राहिली आणि पदर सावरत म्हणाली, "आबा, उद्यापातुर पानी उरंल न्हवं?"

"उरंल की. का?"

"मी केस धुऊ का?"

मी मान हलवली. ती न्हाणीत गेली. मी अंगणात बैलांना वैरण टाकत होतो. आतून तांब्याचा आवाज येत राहिला, लय वेळ. मग ती गुणगुणायला लागली. कसलं तरी माहेरचं गाणं होतं. बाहेर आली तेव्हा केस पाठीवर मोकळे होते आणि दुपारच्या उन्हात मऊ दिसत होते. तिनं एक बट बोटांना गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

केरू माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "चल, बैल सोडतो."

सोमवारी लालासाहेब आले. पांढरा फेटा, हातात पिशवी, पिशवीत नदीकाठची वांगी. आले ते सरळ राहीच्या फोटोपुढे उभे राहिले, हात जोडले. "बाई लय चांगली हुती," म्हणाले. मग आंघोळीला गेले. बंब पेटवलेला होताच. न्हाणीतून त्यांचा आवाज आला, "पाव्हणं, साबणाला फेस बघा कसा येतोय! आमच्या नदीसारखाच की!"

केरू ओट्यावर बसला होता. म्हणाला, "आमच्या नाथाजीनं लय खोलातनं काढलंय ते."

मी त्याच्याकडे डोळे वटारले. त्यानं पानाची चंची उघडली आणि तिच्यात तोंड घातल्यासारखं केलं.

जेवायला पुरणपोळी होती, कटाची आमटी होती. पुरण असं झालं होतं की पोळी जिभेवर ठेवली की विरायची. वर्षभरात पहिल्यांदा आमच्या घरात डाळ शिजली होती. लालासाहेबांनी पोळ्यांवर पोळ्या घेतल्या.

"रंगे," ते म्हणाले, "तुझ्या सासूचा हात आलाय गं तुझ्या हाताला."

रंगू वाढायला वाकली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तो राहीचा हात नव्हताच. राहीचे पाय होते. रोज मैलभर जाणारे आणि मैलभर येणारे.

जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो. सोपान सुट्टी काढून घरी होता, तो लाजून आत बसला. लालासाहेबांनी खिशातून सुपारी काढली, ताटलीत ठेवली. केरूच्या हातात अडकित्ता दिला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "मी जास्ती बोलत न्हाई. थोरली सुखात हाय ते डोळ्यांनी बघितलं. नळाचं पानी, बंब, न्हाणी. माझ्या मालकिणीची कंबर गेली तशी पोरींची जायची न्हाई. धाकलीबी तुमच्याच पदरात घालतो. फोडा."

सुपारी फुटली की झालं. मग शब्द फिरत नाही, आमच्याकडे तरी नाही. केरूनं अडकित्ता उघडला, सुपारी त्याच्या पात्यांत धरली आणि माझ्याकडे बघत थांबला.

"फोडू का, नाथाजी?"

माझी नजर न्हाणीच्या दाराकडे गेली.

"फोडू?"

मी उठलो. माझे पाय आपोआप परड्यात गेले. कडब्याच्या गंजीत हात घालून हीटर काढला आणि आणून ताटलीशेजारी ठेवला. पांढरा, जाड, मधे उललेला. त्याला कडब्याची पानं चिकटली होती.

लालासाहेबांना आधी ते काय आहे हे ओळखताच आलं नाही.

"हे काय?"

"तुमी दिलेला हीटर."

"आन ह्याला काय झालं?"

"आमच्या पान्यानं झालं," मी म्हणालो. "आज तुमी जे पानी प्यालात, न्हालात, ते नळाचं न्हाई. केरूच्या हिरीचं हाय. काल गाडीनं आनून टाकीत भरलं. आमच्या नळाच्या पान्यात डाळ शिजत न्हाई. साबण फुटतो. बंबाला डाक हाय, मीच भोक पाडलंय."

लालासाहेब उठले, न्हाणीत गेले. बंब विझला होता. त्यांनी तोटी सोडून पाणी काढून टाकलं आणि दोन्ही हातांनी बंब धरून हलवला. आत खडखड वाजलं. दगडगोट्यांनी भरलेल्या डब्यासारखं. त्यांनी परत हलवला. मग खाली ठेवला आणि बाहेर आले.

मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले नाहीत.

"मला फसवलं ते सोडा," ते म्हणाले. "सोयरिकीत मानूस वाढवून सांगतो. मीबी सांगितलं आसंल. पर पाव्हणं, माझ्यासाठी काल गाडी जुंपली ना तुमी?"

"व्हय."

"मग ती गाडी माझ्या पोरीसाठी वरीसभर का जुंपली न्हाई?"

केरूनं सुपारी ताटलीत ठेवली आणि अडकित्ता मिटला.

जमिनीवर कडब्याचं एक पान पडलं होतं, ते मी उचललं, दुमडलं, परत टाकलं. पलटणीत मला साहेबांनी शिव्या दिल्या आहेत, चारचौघांत दिल्या आहेत. असं कधी वाटलं नव्हतं.

लालासाहेबांनी सुपारी उचलून खिशात घातली. आत जाऊन रंगूच्या डोक्यावर हात ठेवला, काही तरी हळू बोलले. मग फेटा ठीक केला आणि थांब्याकडे चालू लागले. मी मागून चार पावलं गेलो. ते वळले नाहीत.

परत आलो तर रंगू न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली होती. रडत नव्हती. मी म्हणालो, "पोरी, चूक माझी हुती. खरं सांगायलाच पायजे हुतं."

"व्हय, सांगायलाच पायजे हुतं," ती म्हणाली. "पर मला इचारून सांगायचं हुतं."

मला कळेना.

"आबा, ह्या घरात आत्या गेल्यापासनं बाईमानूस न्हाई. हे सरहद्दीवर. भावजी पहाटं जात्यात, अंधार पडल्यावर येत्यात. तुमी थांब्यावर. दिवसभर मी भिताडाशी बोलती. शालन आली आसती तर आमी दोघींनी मिळून हिरीवरनं पानी आनलं आसतं. हसत गेलो आसतो, हसत आलो आसतो. पान्याचं मला काय बी न्हाई. मी म्हटलं, येक दिवस गप बसावं, शालन येऊ दे. मग मी तिला सांगती." ती उठली. "तुमी तुमच्या जिवावरचं वजं उतरवलं, आबा. माझं तसंच ऱ्हायलं."

आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी एवढं बोलली. आणि जे बोलली त्यातलं एकही वाक्य मला आधी माहीत नव्हतं. ती माझ्याच घरात राहत होती.

राही असती तर तिनं विचारलं असतं. रात्री भांडी घासताना दोघी बोलायच्या, मी अंथरुणातून ऐकायचो, झोप लागायची. काय बोलायच्या ते कधी कानावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चहाला गेलो नाही. माळ्यावरची बांबूची काठी काढली, दोन्ही टोकांना घागरी बांधल्या आणि कावड घेऊन केरूच्या विहिरीवर गेलो. जाताना हलकी वाटली. येताना पहिल्या वळणावरच खांदा सोलला. पाणी हिंदकळून धोतर भिजलं. थांब्यावर मंडळी बसलेली. तिथूनच वाट.

"अरं, पंच बघा!"

"नळवाले आबा, कुनाच्या लग्नाचं पानी?"

"नळाला तहान लागली आसंल."

मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर कावड परत उचलता आली नसती. पाठीमागे हसणं बराच वेळ येत होतं. दुसऱ्या दिवशी कमी हसले. पुढच्या आठवड्यात कुणी बघितलंही नाही. तेव्हा मला वाटलं, एवढ्यालाच मी वर्षभर भ्यायलो होतो.

रंगू घागर उतरवून घ्यायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. डाळ शिजायला लागली. पण घर तसंच गप्प होतं. शेवटी मी तिला विचारलं. उंबऱ्याशी बसून, नीट.

"रंगू, मी तुझ्या म्हायेरी जाऊ का? का गेलो तर तुला वाईट दिसंल?"

ती बोटानं परातीतल्या पिठात रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "मी बी येती."

निघताना मी एक बाटली घेतली. राहीच्या औषधाची होती, मिरजेच्या दवाखान्यातली, काचेची, मोठी. ती माझ्यानं फेकवली नव्हती. ती धुतली आणि तिच्यात नळाचं पाणी भरलं. पाव्हण्यांनी मागितली तर एक बाटली भरून देऊ, असं मी केरूला म्हटलं होतं, ती ही.

लालासाहेबांच्या घरी आम्हाला पाणी दिलं, बसायला घोंगडं दिलं, पण लालासाहेब बोलेनात. त्यांची मालकीण वाकलेल्या कमरेनं आली आणि रंगूला आत घेऊन गेली. शालन दारात उभी राहिली. रंगूपेक्षा उंच, बोलक्या डोळ्यांची. माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत होती.

"त्यात काय हाय, आबा?"

"पानी."

"आमच्या दाराम्होरं नदी हाय. आन तुमी पानी घिऊन आलाय?"

लालासाहेब म्हणाले, "शालन, आत जा."

मी म्हणालो, "पाव्हणं, तिला थांबू द्या. मी तिच्यासाठीच आनलंय. लगीन तिचं, तिनं पिऊन बघावं. मागच्या टायमाला मी कुनालाच इचारलं न्हाई."

लालासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. शालननं बाटली घेतली, पेल्यात ओतली, एक घोट प्यायली. तोंड वाकडं केलं. "मचूळ हाय." मग मोरीजवळ जाऊन साबणाची वडी घेतली, उरलेल्या पाण्यात हात चोळले. फेस आला नाही. बोटांना पांढरा चोथा चिकटला. ती हात उलटसुलट करून बघत राहिली.

"आक्का ह्यात केस धुती?"

"धुवत हुती. आता मी रोज कावडीनं गोडं पानी आनतो."

"आन तुमी आजारी पडल्यावर?"

"सोपान आनंल."

"त्यो तसं म्हनलाय, का तुमीच म्हंताय?"

आतून रंगूच्या हसण्याचा आवाज आला. सोपानाला मी विचारलंच नव्हतं. त्याला शालन पसंत आहे का, हेही नाही.

"मीच म्हणतोय," मी म्हणालो. "त्याला इचारायचं ऱ्हायलं."

शालननं हात फडक्याला पुसले. "आप्पा, मी जाती चार दिवस आक्काकडं. पाव्हणी म्हणून. पानी बघती, घर बघती, कावड कोन आनतं ते बघती. मग सांगती."

"असं कुनी करतं का गं?" लालासाहेब म्हणाले. "सुपारी फुटायच्या आदी पोरगी त्या घरात जाऊन ऱ्हाती? लोकं काय म्हंतील?"

"पाव्हणं," मी म्हणालो, "लोकं चार दिवस हसत्यात. मग चहा पित्यात. मी बघून आलोय."

त्यांच्या मालकिणीनं आतून आवाज दिला, "जाऊ द्या तिला. मला कुनी आसं दाखवलं आसतं तर मी नदीचा चढ आदी बघून आले आसते." लालासाहेब वर आढ्याकडे बघत राहिले. खिशात हात घालून सुपारी चाचपली, पण काढली नाही.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. शालननं माझी बाटली नदीवर नेऊन धुतली होती, पण आतल्या बाजूला पाणी होतं तिथवर एक पांढरी रेघ राहिली होती, ती गेली नाही. तिच्यात तिनं नदीचं पाणी भरून घेतलं होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"न आवडलं तर परत येऊस्तवर प्यायला," ती म्हणाली, आणि दोघी बहिणी हसायला लागल्या.

गाडीत त्या माझ्या पाठीमागच्या बाकावर बसल्या. सारख्या बोलत होत्या. गाडी खड्ड्यात आदळली की माझा सोललेला खांदा बाकाला घासायचा. मी टॉवेलाची घडी करून तिथं ठेवली आणि ह्या खेपेला झोपलो नाही. त्या काय बोलतात ते ऐकत राहिलो. केसांबद्दल बोलत होत्या, एका मैत्रिणीच्या पोराबद्दल, आणि मधेच रंगू म्हणाली, "आत्या हुत्या तवा रोज ईळभर बोलायच्या गं माझ्यासंगं."

घरी पोहोचलो तेव्हा सोपान अंगणात बसला होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळ्यात आधी कावडीचं विचारलं.